यंदा पुळं की मालवण?

श्रावणाचा शेवटचा आठवडा होता. घरात महिनाभर मासे शिजले नव्हते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं हा विषय निघाला मात्र, आमचे हे क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "मालवण!"

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पुळं."

झालं! पुढचे आठ दिवस आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत कोकणचे दोन समुद्र एकमेकांवर आदळत होते. धाकट्याला किल्ला हवा, पोहायला हवं, म्हणून तो बाबांच्या बाजूला. दहावीतली लेक आजीच्या बाजूला. बोरिवलीच्या जाऊबाईंनी फोनवरून निकाल दिला, "अगं, दोन्ही करा की! दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे."

ऐकायला सोपं वाटतं. पण चार दिवसांत दोन गावं म्हणजे दोनदा सामान बांधणं, ओले टॉवेल पिशवीत कोंबणं आणि मधला अख्खा दिवस प्रवासात घालवणं. ते कुणाच्या वाट्याला येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय पैसे माझ्या भिशीतले होते. पाच माणसांची एकच सहल त्यात बसत होती. तेव्हा निवड करणं भागच होतं.

प्रवास कसा?

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि आपल्या उपनगरांतल्या बायकांवर तिने मोठे उपकार केले. एस.टी.त रात्रभर मुलाचं डोकं मांडीवर घेऊन घाट उतरणं संपलं. मुलुंड, घाटकोपरकडच्यांना ठाणं सोयीचं. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या तिथे थांबतात. कोकणकन्या रात्री निघते, पहाटे रत्नागिरीला आणि न्याहारीच्या सुमाराला कुडाळला पोचवते. अंधेरी-बोरिवलीच्या मैत्रिणींना पूर्वी सामान घेऊन दादर किंवा ठाणं गाठावं लागे. २०२४ च्या ऑगस्टपासून वांद्रे टर्मिनसहून मडगावला आठवड्यातून दोनदा गाडी सुरू झाली, तिला बोरिवलीला थांबा आहे. एक मात्र लक्षात ठेवा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस आधी नाही. भाऊबीज झाल्यावर निघायचं तर श्रावणातच तारीख मोजून ठेवावी लागते.

रत्नागिरी स्टेशनापासून गणपतीपुळं तीसेक किलोमीटर. आरे-वारेच्या रस्त्याने गेलात तर समुद्र जवळजवळ हात धरून सोबत येतो. कुडाळहून मालवणही साधारण तेवढंच. म्हणजे फरक उरतो तो गाडीतल्या तीन तासांचा. आपल्याला ते काहीच नाहीत. पण बाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला तीन तास म्हणजे तीन तास!

मालवणची बाजू

मालवण मला परकं नाही. माझी मावसबहीण तिथे दिली आहे. त्या गावाची भूल काय असते ते मी जाणते. धक्क्यावरून नावेत बसलं की दहा-पंधरा मिनिटांत सिंधुदुर्ग. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. सगळीकडे खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी! मुलांना इतिहासाच्या पुस्तकातलं जे आठवत नाही, ते तिथे पाणी पिऊन कायमचं आठवतं.

गावाला लागूनच चिवल्याची शांत किनारपट्टी आहे. हिवाळ्यात तिथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. सात-आठ किलोमीटरवर तारकर्ली, नितळ पाण्याची, आणि पुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. खाण्याचं तर काय सांगावं! तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कोंबडी-वडे, सोलकढी. मासे न खाणाऱ्यांनाही उपाशी राहावं लागत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या ज्याने खाल्ल्या, तो सुरमईकडे पाहणारही नाही. येताना आल्या-गुळाचं खाजं आणायचं. आणि गणपतीच हवा तर आपल्या स्वयंपाकघरात ज्यांचं 'कालनिर्णय' खिळ्याला टांगलेलं असतं, त्या जयंतराव साळगावकरांनी आपल्या या गावात जय गणेश मंदिर बांधलं आहे. ह्यांनी हा मुद्दा मोठ्या हुशारीने मांडला. सासूबाई म्हणाल्या, "गणपती सगळीकडे एकच. पण बोलले मी पुळ्याच्याला आहे."

धाकट्याला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स खाली चालल्या होत्या. त्या रात्री त्या एकवीस मोदकांचा नवस बोलल्या होत्या. आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं.

पुळ्याची बाजू

पुळ्याला देऊळ आणि समुद्र यांत अंतर असं नाहीच. देव पश्चिमेला तोंड करून बसलेला, पाठीशी डोंगर. तो डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसते, डोंगराला असते. सुमारे एक किलोमीटरची वाट आहे. पाऊण-एक तासात म्हातारं माणूसही बसत-उठत पुरी करतं. दुपारी देवस्थानाची प्रसादाची खिचडी मिळते. घरगुती खानावळींत उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार. एक किलोमीटर-दीड किलोमीटरवर मालगुंड. १८६६ साली केशवसुतांचा जन्म तिथे झाला. त्यांचं घर आणि स्मारक पाहण्यासारखं आहे. येता-जाता रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा पाहून होतो. ब्रह्मदेशाच्या त्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच गेला. आपल्या गावाला मुकलेल्या त्याच्या राणीला हा समुद्र कसा दिसला असेल, असं मला तिथे उभं राहून दरवेळी वाटतं.

पण पुळ्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. तिथला समुद्र पोहण्याचा नाही. पाण्याखाली उतार एकदम आहे आणि परतणारं पाणी जोरात ओढतं. तिथे माणसं बुडाली आहेत, एकदा नव्हे, अनेकदा. तसे फलकही लावलेले आहेत. म्हणून मालवण निर्धोक असं मात्र समजू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची नाव उलटून दोघांचा जीव गेला. समुद्र कुठलाही असो, तो आपल्या घरचा नव्हे!

तुला कुठे जायचंय?

आठव्या दिवशी दुपारी मी गवार निवडत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांनी सांगितलं. तुला कुठे जायचंय ग?"

हातातली शेंग हातातच राहिली. लग्नाला अठरा वर्षं झाली, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. सुट्टी म्हणजे गावी जायचं, तिथे पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, असंच चालत आलं होतं. मी म्हटलं, "जिथे चार दिवस कुकरची शिट्टी ऐकू येणार नाही, तिथे."

त्या हसल्या. मग आम्ही दोघींनी बसून हिशेब केला. मालवणला गेलं तर मावसबहिणीकडे उतरावं लागणार, नाहीतर ती रुसणार. तिच्याकडे उतरायचं म्हणजे दोन तास पाहुणी आणि मग तिच्याबरोबर स्वयंपाकघरात. नावेत चढणं-उतरणं सासूबाईंना जमणार नाही, म्हणजे कुणीतरी त्यांच्याजवळ मागे राहायचं. ते कुणीतरी म्हणजे मीच! पुळ्याला सगळं पायाशी होतं. आणि शेवटी एक गोष्ट अशी होती, जी हिशेबात मांडता येत नव्हती. मालवणचा समुद्र पुढच्या वर्षापर्यंत थांबेल, सासूबाईंचे गुडघे थांबतीलच असं नाही.

रात्री जेवताना मीच सांगितलं, "यंदा पुळं." ह्यांनी पुढची पोळी घेतली नाही. पण बोलले काही नाहीत.

तिथे गेल्यावर

पहिल्याच संध्याकाळी धाकटा कंबरेइतक्या पाण्यात गेला. मी ओरडेपर्यंत लाट परतली आणि त्याच्या पायाखालची वाळू घेऊन गेली. हे जवळच होते, त्यांनी दंडाला धरून ओढला. फार काही झालं नाही, पण त्यानंतर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते. नारळपाणी विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "येणाऱ्या लाटेला भिऊ नये, ताई. जाणाऱ्या पाण्याला भ्यावं." तेव्हापासून नियम केला, गुडघ्याच्या वर पाणी नाही आणि कुणीतरी मोठं माणूस सतत मुलाच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये. त्याने दोन दिवस तोंड फुगवलं, मग वाळूत सिंधुदुर्ग बांधायला घेतला.

नवस फिटला. प्रदक्षिणेला सासूबाई सहा ठिकाणी बसल्या. सातव्या वेळी त्यांना उठवायला ह्यांनीच हात दिला आणि मग पुरी वाट तो हात सोडला नाही. माशांची हौस देवळापासून जरा लांबच्या एका खानावळीत भागली. आणि तिसऱ्या दुपारी मी चक्क झोपले. दोन तास! जागी झाले तेव्हा बाहेर भरती आली होती आणि कुणीही मला चहा मागितला नव्हता.

निवड करताना

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हाच वाद असेल तर एवढं पाहा. बरोबर म्हातारी माणसं किंवा अगदी लहान मूल असेल तर पुळं. मुलं मोठी असतील, पोहता येत असेल, किल्ल्याची आवड असेल तर मालवण. मात्र नावेत बसताना प्रत्येकाने जॅकेट घालायचंच, आणि नाव गच्च भरली असेल तर पैसे गेले तरी चालतील, उतरून यायचं. पावसाळ्यात किल्ल्याच्या नावा बंद असतात. अंगारकीला पुळ्याला आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत मालवणकडे राहायला जागा मिळणं कठीण. त्या तारखा आधी विचारून घ्या. जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीच्या कौलाने ठरते. आणि माणसं मोजताना स्वतःलाही मोजा.

निघायच्या दिवशी सासूबाई वाळूत बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "पुढल्या वर्षी मालवण. मला तुझ्या बहिणीकडे सोडा, तुम्ही जा नावेत. मी तिला आमटीला फोडणी घालून देईन."

मुलुंडला परतल्यावर पहिल्या सोमवारी मी भिशीचा हप्ता भरला.