गाठींचा हिशेब

मुलांनो, तुमच्या गावात किराणा दुकानं किती आहेत? मोजता मोजता बोटं संपतील. पण जे गावच मुळी कालपरवा वसलंय, तिथं पहिलं दुकान मांडायचं म्हणजे काय, हे मी लहानपणी पाहिलं आहे. ते दुकान आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं होतं.

गोष्ट १९९० नंतरच्या वर्षांतली. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा नव्हता. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून निराळा झाला. गुजरातमध्ये नर्मदेवर सरदार सरोवर धरणाचं काम चालू होतं. त्याच्या पाण्याचा फटका आपल्याकडच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांना बसणार होता. सातपुड्यातल्या त्या भिल्ल-पावरा कुटुंबांपैकी काहींना तळोदा तालुक्यात, जंगल तोडून मोकळ्या केलेल्या सपाट जमिनीवर आणलं गेलं. सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. कितीतरी जण डोंगर सोडायला तयार नव्हते. त्यांचा लढा पुढं अनेक वर्षं चालला.

नाना तळोद्यात एका दुकानात माल तोलायचे. "नव्या वसाहतीत दुकान नाही," हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी तिथं चार पत्र्यांची टपरी ठोकली. एक तराजू, लोखंडी वजनं, मिठाचं पोतं, गूळ, चहापत्ती, तेलाचा डबा, काडेपेट्या नि साबण. एवढंच दुकान! माल सायकलवर यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल व्हायचा, की सायकलच नानांच्या खांद्यावर बसून यायची.

पहिल्याच महिन्यात नानांची फजिती झाली. त्यांनी हौसेनं बिस्किटं, गंधतेल, टिकल्या आणल्या. कुणी हात लावीना. लोक मागायचे मीठ, दोरखंड, कंदिलाची काच. एक म्हातारे बाबा आले नि म्हणाले, "शेठ, मासे धरायचा गळ आहे का?" नानांनी पुढच्या खेपेला डझनभर गळ आणले. बाबांनी एक उचलला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला. "नदी कुठं आहे इथं?" ते स्वतःशीच म्हणाले. सवयीनं मागितला होता त्यांनी!

डोंगरात त्यांना सरपण, चारा, घराची लाकडं, मासे, मोहाची फुलं विकत घ्यावी लागत नव्हती. इथं जवळजवळ प्रत्येक गोष्टीला पैसा लागायचा. आणि पैसा तर पीक आल्यावरच येणार. म्हणजे दुकान चालायचं ते उधारीवर. नानांची लाल वही भरू लागली. शाळा सुटल्यावर मी दुकानात बसायचो आणि मोठ्या ऐटीत उधारी लिहायचो.

ते गळवाले बाबा एकदा हिशेब करायला आले. मी बेरीज करून सांगितलं, "पंचाहत्तर रुपये." बाबांनी कमरेची दोरी सोडली. तिला गाठी मारलेल्या होत्या. दर पाच रुपयांच्या उधारीला एक गाठ! त्यांनी एकेक गाठ चिमटीत धरून मोजली. चौदा. म्हणजे सत्तर रुपये.

मी फणकाऱ्यानं म्हणालो, "वहीत लिहिलंय ना! वही कशी चुकेल?"

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी सत्तरच घेतले. रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. "वाच." मी वाचत गेलो. एका पानाच्या शेवटी 'तेल, पाच रुपये'. पुढच्या पानाच्या सुरुवातीला पुन्हा तेच, त्याच तारखेचं. माझंच अक्षर! पान उलटताना मी एकच नोंद दोनदा केली होती. माझे कान तापले.

"ज्याला वाचता येत नाही, तो आपल्या लिहिण्यावर विश्वास टाकतो," नाना म्हणाले. "तिथं चूक झाली तर ती नुसती बेरजेची चूक राहत नाही."

त्यांना हे का बोचलं, ते मला मोठेपणी कळलं. शहादा-तळोदा भागात कर्जापायी कितीतरी आदिवासींच्या जमिनी दुसऱ्यांच्या हाती गेल्या होत्या. १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर लोक त्याविरुद्ध उभे राहिले. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ साली महाराष्ट्रात कायदा झाला. नानांनी ते दिवस तरुणपणी पाहिले होते.

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर तेच बाबा आले. त्यांनी चांदीचं कडं गल्ल्यावर ठेवलं. "गहाण घ्या, बियाण्याला पैसे द्या." नानांनी कडं परत त्यांच्या हातात दिलं आणि तीनशे रुपये उधार दिले. घरी आई रागावली. "चांदी नको, व्याज नको! मग व्यापाऱ्याचे पैसे कुठून द्यायचे? घरात काय शिजवायचं?" तिचंही खोटं नव्हतं. तळोद्याच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी नानांच्या डोक्यावर होतीच. नाना आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "वही मालनी ऱ्हास, मानूसनी नही." वही मालाची असते, माणसाची नाही.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. आमच्या घरी साखर बंद झाली, चहात गूळ आला. नवी चप्पल मला मिळाली नाही. खोटं कशाला बोलू, मला बाबांचा रागच आला होता.

पण बाबा येत राहिले. कधी पाच रुपये, कधी दहा. पैसे दिले की दुकानातच बसून ते दोरीची गाठ सोडायचे. घट्ट गाठ असली की दातांनी ओढायचे. दोन वर्षांनी शेवटची गाठ सुटली. दोरी सरळ करून त्यांनी ती मला दाखवली. मी वही उघडली, त्यांच्या नावापुढं रेघ मारली आणि ती त्यांना दाखवली. त्या दिवशी वही आणि दोरी यांचा हिशेब अगदी तंतोतंत जुळला.

मुलांनो, तुमच्या गावातलं पहिलं दुकान कुणी मांडलं? आजी-आजोबांना विचारून बघा. आणि हेही विचारा, की तेव्हा त्यांच्या घरची उधारी कुणी, कशी लिहून ठेवायचं?