लेकीने वनशास्त्र निवडले

बारावी सायन्स झाले की आपल्या समाजात एकच प्रश्न : मेडिकल की इंजिनिअरिंग? आमच्या लेकीने तिसरेच उत्तर दिले. वनशास्त्र, चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स. आजी म्हणाली, "मोळ्या वाहून मी झिजले. आता शिकूनही रानातच जायचे?" तिचे बोलणे खोटे नव्हते. फॉरेस्टगार्ड दिसला की मोळी टाकून पळायचे, हेच तिचे जंगल.

आम्ही चौकशी केली. कृषी विद्यापीठांची वनशास्त्र महाविद्यालये दापोलीला व अकोल्याला आहेत; प्रवेशासाठी सीईटी लागते. पदवी म्हणजे नोकरी नव्हे, हेही लेकीला सांगितले. वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्राचे, इंजिनिअरिंगचे पदवीधरही बसतात. भारतीय वनसेवेसाठी तर मुलींना चार तासांत 14 किलोमीटर चालावे लागते.

"आजी, तू मोळी घेऊन किती चालायचीस?" तिने विचारले. आजी गप्प.

आम्हाला पटले ते वेगळ्याच कारणाने. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आपल्या माणसाकडे कागद कुठले? गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही नियमांत पुरावा धरला आहे, पण हे सांगणारे माणूस टेबलापलीकडे हवे ना!

तिने दापोली पहिल्या पसंतीला टाकले. रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ राहिले ते हेच दापोली. जातवैधता आणि शिष्यवृत्तीचे कागद फाईलला लावलेत. आता यादीची वाट पाहतो आहोत.