आमच्या तट्टाची लोकर

ज्यास वसंतांतील प्रदर्शनांत बक्षीस मिळवावयाचें आहे, तें तट्टू फेब्रुवारींत कोणा पाहुण्यास दाखवूं नये. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांत आमचें बिऱ्हाड आहे व धाकट्या कन्येच्या हट्टानें आमच्या पदरीं एक वेल्श पहाडी तट्टू पडलें आहे. उंची साडेअकरा हात. (येथील घोडेमापाचा हात चार इंचांचा, हें कळल्यावर पुण्यास आमच्या मातोश्रींचा जीव भांड्यांत पडला.) थंडींत त्याच्या अंगावर इतके दाट केस येतात कीं, दुरून पाहणारास मेंढा चरत असल्याचा भास व्हावा.

हे केस थंडीमुळें वाढतात अशी आमची समजूत होती. मुख्य कारण दिनमान. दक्षिणायनांत दिवस लहान होऊं लागले कीं नव्या केसांची तयारी सुरू होते. २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस पुन्हां वाढूं लागले कीं डोळ्यांवाटे ती वार्ता मेंदूस पोंचते व पुढें जुने केस सुटूं लागतात. आमचें तट्टू संक्रांतीची वाट पाहत नाहीं. तें पक्कें सायनवादी आहे! म्हणूनच कित्येक लोक तबेल्यांत दिवा लावून रोज १६ तासांचा दिवस करतात. झुलीच्या उबेनें थोडें साधतें, पण दिव्याचें काम झूल करीत नाहीं. यंत्रानें केस कापावे, तर उशिरां कापल्यास खालून येणाऱ्या उन्हाळी केसांचीं टोकें छाटलीं जातात. शिवाय पहाडी जातीचीं तट्टें स्वाभाविक रूपांतच दाखवावीं असा दंडक. उरला रबरी खरारा आणि मनगट.

मार्चमध्यें शेजारच्या तट्टांचे केस मुठीमुठीनें गळूं लागले; पांखरें ते घरट्यांसाठीं उचलून नेऊं लागलीं. आमचें जसेंच्या तसें. आम्हीं कन्येस बोललों, "तुझा खरारा त्याच्या पाठीस लागतो तरी का?"

"बाबा, रोज अर्धा तास करतें मी. आणि तें हल्लीं पाणी फार पितें."

दुसऱ्या वाक्याकडे आम्हीं लक्षच दिलें नाहीं. एप्रिलांत स्वतः बाह्या सरसावल्या. तासाभरांत हात भरून आले; खराऱ्यास केस चार.

पशुवैद्य आले. त्यांनीं प्रथम वय विचारलें. १९ वर्षें. मग विचारलें, पाणी फार पितें काय? आम्हीं कन्येकडे पाहिलें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा हा उतारवयांतील विकार. त्यास कुशिंगचा रोग म्हणतात. केस न गळणें ही त्याची ठळक खूण. त्यापायीं खुरांच्या आंत दाह झाला तर जनावर लंगडें होतें, प्रसंगीं त्यास मारावेंही लागतें. रक्ततपासणीनें शंका खरी ठरली. आतां रोज पर्गोलाइडची गोळी, जन्मभर. आणि हिरवें गवत बेतानें.

उन्हाळ्यांत त्याचा जीव गुदमरूं नये म्हणून केस कापण्यास वैद्यांनींच सांगितलें. प्रदर्शनाच्याच दिवशीं सकाळीं कन्येनें यंत्र चालविलें. आम्हीं तोंडाशीं दोरी धरून उभे. तबेल्याच्या दारांत करड्या केसांचा ढीग झाला. पाण्याची गोष्ट तिनें काढली नाहीं, आम्हींच काढली. तिनें क्षणभर यंत्र थांबविलें.

"जरा डावीकडे वळवा ना त्याला, बाबा," एवढेंच ती म्हणाली.