आत्या, पाणी भरून झालं का?

प्रिय आत्या,

तुझा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. तब्येत नाही, लेकरांची शाळा नाही, आधी, ‘पाणी येऊलालंय का गं तुमच्याकडं?’ मी ‘येतं की’ म्हणते आणि आपण पुढच्या बोलण्याला लागतो. या आठवड्यात ‘नाही’ म्हणायची वेळ आली, म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस, लगेच उपाय सांगत सुटशील.

आमच्या भागाला पाणी पुरवणारी मोठी जलवाहिनी फुटली. रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, यंत्राचा फटका बसला म्हणे. सोसायटीच्या खालच्या टाकीत होतं नव्हतं तेवढं वर चढवलं, ते दुपारपर्यंत संपलं. मग टँकरसाठी फोनाफोनी. सगळ्या परिसराला एकाच वेळी टँकर हवा, मग मिळणार कुणाला? रात्री उशिरा एक आला, तेव्हा माणसं बादल्या घेऊन जिन्यात उभी होती. लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून लिफ्ट बंद ठेवलेली. भरलेली बादली घेऊन चौथा मजला चढताना मधल्या वळणावर ती खाली टेकवली आणि तुझी आठवण आली. तू कुठे टेकवायचीस गं? डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कमरेला घागर आणि पदराला धरून चालणारी मी.

घरात चुळबूळ सुरू झाली तेव्हा मी तुझी मोरी डोळ्यांसमोर आणली. पिण्याचं पाणी उंचावर, झाकून, त्यात हात नाही, फक्त ओगराळं. वापरायचं वेगळं, सांडायचं वेगळं. भांडी आधी कोरडीच पुसून घ्यायची, मग एका घमेल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात घासलेलं विसळायचं, तिसऱ्यात नुसतं खळबळायचं. तिसऱ्यातलं पाणी पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या जागी. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. कपडे पिळून उरलेलं संडासाला. आंघोळ परातीत बसून, म्हणजे अंगावरून गेलेलं पाणीही हाती लागतं. एकच पाणी तू तीन-तीनदा कामाला लावायचीस. हे तुला कुणी शिकवलं? तुझ्या सासूनं की दुष्काळानं? १९७२ साली तू नवी नवरी होतीस, एवढंच मला ठाऊक आहे. त्याबद्दल तू कधी बोलली नाहीस आणि आम्हीही नेट लावून विचारलं नाही.

माझ्या घरातल्या जुन्या फ्लशला एका खेपेला दहाएक लिटर लागतात. तुझी कळशी साधारण तेवढीच. म्हणजे मी बटण दाबते तेव्हा तुझी एक कळशी जाते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे आणि खेड्यात घरोघरी नळ देणारं जलजीवन मिशन माणशी ५५ लिटर धरतं. शहरातल्या माणसाला खेड्यातल्यापेक्षा जास्त घाण लागते का? हा प्रश्न तू विचारला असतास. म्हणून मीच विचारून ठेवते.

आणि आत्या, २०१६ विसरले नाहीये मी. त्या उन्हाळ्यात तुला किती वेळा म्हटलं, पुण्याला निघून ये. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूरचे नळ बंद, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं. पाण्यासाठी जमावबंदी! आम्ही इकडे बातम्या बघत होतो आणि तू फोनवर म्हणायचीस, ‘मी आले तर टँकरला आपला नंबर कोण लावील?’ घरात माणूस नसलं तरी घराचा नंबर चुकता कामा नये. मला तेव्हा तुझा राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. आपल्याच माणसांनी बोलावलं तर यावं ना माणसानं?

मग ती मिरजेची गाडी आली. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाघिणी धुऊन-पुसून स्वच्छ केल्या, मिरजेला कृष्णेचं पाणी भरलं आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे गाडी लातूरला लागली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची आली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ‘जलदूत’ असं नाव दिलं होतं तिला. तू स्टेशनावर बघायला गेली नव्हतीस. ‘बघून काय करू, माझ्या ड्रमात पडलं की बघते,’ असं म्हणाली होतीस. त्याच फोनवर तू आणखी एक बोललीस, ते मी लिहूनच ठेवलंय: ‘गावाला प्यायला रेल्वेनं येऊलालंय, मग बाजूचा ऊस हिरवा कसा गं?’ या प्रश्नाचं उत्तर तुला आजवर कुणी दिलेलं नाही. मीही देऊ शकत नाही. पण तो प्रश्न बरोबर आहे आणि तो तू विचारत राहावंस.

पुण्याला पाण्याची ददात नाही, असं तू म्हणतेस. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं डोक्याशी आहेत, खरं आहे. पण शेजारच्या आजी १९६१ ची गोष्ट सांगत होत्या. १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं, अर्धं पुणं पाण्याखाली. पूर ओसरला आणि प्यायला थेंब नाही, कारण शहराला पाणी देणारं धरणच वाहून गेलेलं. तेव्हा वाड्यांतल्या विहिरी कामी आल्या. ज्यांच्या घरात आड होता त्यांच्या दारात रांगा लागल्या. आजींच्या हातात तेव्हा रहाटाचा दोर होता. तळहाताला फोड आले होते, हे त्या आजही तळहात पुढे करून सांगतात. रहाटावरही बाईच. तुझ्या गावच्या टँकरला बाई, आमच्या जिन्यातही बादली घेऊन जास्त बायकाच. पाण्याबद्दल कृतज्ञ असावं असं सगळे म्हणतात. मला आधी ते भरून आणणाऱ्या हातांबद्दल कृतज्ञ व्हावंसं वाटतं. तुझ्या हातांबद्दल. आमच्या सुट्ट्या, आमचे पाहुणचार, आमच्या आंघोळी, सगळं तुझ्या खेपांवर झालं आणि पाटावर गरम पाण्याचा तांब्या आयता आला. तुझे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानते.

आमचं पाणी आलं, ते सांगायचं राहिलंच. नळातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग खाकरल्यासारखे दोन-तीन आवाज, मग लालसर गढूळ पाणी. धाकटा म्हणाला, ‘घाण आहे, सोडून दे.’ मी बादली खाली सरकवली. गढूळ पाण्यानं जिना धुता येतो, हे तुझ्याकडे शिकलेलं. पाणी निवळल्यावर पिण्याचं भरलं, तुरटी फिरवली, फडक्यानं गाळून उकळलं. मग शेवटी आंघोळ, आणि तीही एका बादलीत.

आता माझं एक मागणं आहे आणि त्यावर वाद घालायचा नाही. तुझा गुडघा दुखतो हे मला ताईकडून कळतं, तुझ्याकडून नाही. भरलेली घागर पंधरा किलोच्या घरात जाते, ती उचलणं आता बंद. परसातल्या ड्रमावरून गच्चीवर टाकी आणि छोटी मोटर बसवून घे. प्लंबरशी मी बोलते, पैसे मी पाठवते, ‘कशाला उगीच’ म्हणायचं नाही. आणि एप्रिल लागला की इकडे ये. नंबर लावायला तुझ्या शेजारच्या पोराला मी पैसे देऊन ठेवीन, तुझा नंबर चुकणार नाही. नळाला किती दिवसांनी पाणी सुटतं ते मात्र मला रविवारी फोनवर खरंखरं सांग. ‘येतं की’ हे उत्तर तुझ्याकडून चालणार नाही.

तुझी भाची