भुगा

यंदाच्या मे महिन्यात काचगृहात बसलो असताना मी चिमटा खाली ठेवला आणि उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं. नव्या जातीसाठी संकर करताना रास्पबेरीची कळी उमलायच्या आतच सोलावी लागते. पाकळ्या आणि पुंकेसर एका फेऱ्यात निघाले पाहिजेत आणि मधल्या शंभरभर स्त्रीकेसरांना टोक लागता कामा नये. ज्याला लागलं त्याचा मणी धरत नाही. त्यामुळे माझा हात थरथरला की त्याची नोंद पुढे फळावरच होते. मध्येमध्ये मणी गायब, आणि बोटांत धरलं की भुगा.

या भुग्याशी माझं तेहतीस वर्षांचं वैर आहे. रास्पबेरी बोंडीवरून टोपीसारखी निघते, आत पोकळ. मणी एकमेकांना बारीक लवेने धरून असतात. ते कमी भरले की पकड सुटते. विषाणू असेल तर निदान शत्रू कळतो. पण तपासलेल्या, निरोगी रोपांची वाढ करता करता एखादी ओळ भुगा देऊ लागते आणि त्याच आईची शेजारची ओळ घट्ट राहते. ग्लेन अँपल ही बिनकाट्याची, देखणी जात. तिनेही असंच रडवलं.

संकरांतून वेचलेली माझी एक निवड होती. मी वाईचा, म्हणून मनातल्या मनात तिला ‘कृष्णा’ म्हणायचो. इथल्या, स्कॉटलंडमधल्या टे नदीवरून टेबेरी होते, मग कृष्णेनेच काय पाप केलंय? तिसऱ्या वर्षी आठांतल्या दोन झाडांची फळं हातात विरली. नोंदवहीत मी लिहिलं, ‘थंडी, पाऊस, मधमाश्या कमी.’ पाऊस पडला होता, खोटं नाही. शेजारच्या वाफ्यावरही तोच पडला होता आणि तिथली फळं शाबूत होती.

माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी डीएनए-मार्करवाली. पानाचा तुकडा तपासून फूल यायच्या आधीच निम्मी रोपं फेकते. मार्कर मूळकुजीचा असेल तर मी निमूट मान डोलावतो. त्या रोगाने इथली शेतंच्या शेतं बसवली. पण आता सगळ्यांना फळ हवं ते फ्रिजमध्ये आठवडा काढणारं. जिभेला त्याने काही सांगितलं नाही तरी चालतं. असं फळ काढणाऱ्यांना बक्षिसं मिळतात. मला मिळालं नाही म्हणून हे लिहितोय, असं कुणी म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही.

ती मुलगी अंगठ्याच्या नखाने कळी सोलते, गप्पा मारत. तिची फळं भरीव येतात.

कळी कुणी सोलली त्याची आद्याक्षरं पट्टीवर लिहायची आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशीच्या शेवटच्या चार पट्ट्यांवर मी आईबापाचे क्रमांक घातले, तारीख घातली आणि कोपरा कोरा ठेवला.