काउंटरपासून तोंडापर्यंत

न्यू जर्सीतल्या आमच्या उपनगरात सुशीचं एक छोटं हॉटेल आहे, आणि त्याच्याबद्दल दोन माणसांचं एकमत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं सलून, मध्ये हे. आत सात-आठ टेबलं आणि एक लाकडी काउंटर. एवढ्याशा जागेबद्दल लोक इतक्या पोटतिडकीनं बोलतात की नवख्याला वाटावं, गावात एकाच नावाची चार हॉटेलं असतील.

बायकोच्या मैत्रिणीच्या मते तिथलं सगळं मिळमिळीत. ती पर्समध्ये लाल तिखटाची डबी बाळगणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा तिचं मत त्या हिशेबानं घ्यायचं. ऑफिसातला एक तरुण सहकारी म्हणतो, ही सुशीच नव्हे. तो टोकियोला आठवडाभर राहून आला आणि तेव्हापासून इथलं काही त्याच्या घशाखाली उतरत नाही. आमच्या कोपऱ्यावरचं म्हातारं अमेरिकन जोडपं दर बुधवारी तिथे जातं, तेरियाकी चिकन आणि एक कॅलिफोर्निया रोल दोघांत खातं. त्यांच्या लेखी ह्याहून चांगलं हॉटेल जगात नाही. गल्ल्यावरची मालकीणबाई म्हातारीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची नेमानं चौकशी करते, हा त्या मतातला मोठा वाटा. आणि शेजारचा एकजण ठामपणे सांगतो की भात कडक, वरची शेवाळाची नोरी चिवट, पैसे पाण्यात. त्यानं त्या हॉटेलात पाऊल टाकलेलं नाही. तो फोनवरून मागवतो.

असं मत कानावर आलं की मी हल्ली एकच प्रश्न विचारतो: बसला होतात कुठे? भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. सुशी हा मिनिटांचा पदार्थ आहे. उसळ किंवा मटण दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगलं लागतं; सुशीला ती सवलत नाही. आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ शिजवून तो पसरट लाकडी भांड्यात काढतात. त्यावर मीठ-साखर घातलेलं व्हिनेगर शिंपडून, दाणा मोडू न देता उलथन्यानं हलवत, पंख्यानं वारा घालतात. भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो तेव्हाच त्याची सुशी वळायची. तो गार झाला की दाण्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसायला लागतो, आणि फ्रिजच्या थंडीत हे सगळ्यांत झपाट्यानं होतं. फोडणीचा भात शिळ्याच भाताचा मोकळा होतो त्याचंही कारण हेच. शेजाऱ्याचा रोल हॉटेलातून निघतो, डिलिव्हरीवाल्याच्या गाडीतून आणखी दोन घरं फिरून येतो, मुलं क्लासवरून येईपर्यंत फ्रिजमध्ये राहतो. नोरी दरम्यान भाताचा ओलावा पिऊन बसलेली असते. शेजारी खोटं बोलत नाही. फक्त त्यानं खाल्लेली वस्तू काउंटरवर बसलेल्याला कधी मिळतच नाही.

वासाबीचंही तेच. सहकाऱ्याची एक तक्रार अशी की बशीतला हिरवा गोळा नकली आहे. खरं आहे. जपानच्या बाहेर वासाबी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग असतं. खरा वासाबी वाहत्या गार पाण्यात वाढतो, इझू द्वीपकल्पातला नावाजलेला. किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा वास उडायला लागतो. म्हणजे मागणी आल्यावर किसायला हवा. आठ डॉलरच्या रोलबरोबर तो कोण किसून देणार?

नावाजलेल्या ठिकाणीही मतं जुळत नाहीत. टोकियोत गिंझाच्या भुयारी स्टेशनाला लागून असलेल्या तळघरात सुशी शेफ जिरो ओनो यांचं ‘सुकियाबाशी जिरो’ आहे. दहा खुर्च्या, फक्त काउंटर. मिशलिनच्या हॉटेलांच्या यादीत त्याला तीन तारे होते. २०१९ साली ते त्या यादीतून बाहेर पडलं, कारण तिथे सर्वसामान्य माणसाला परस्पर आरक्षण मिळत नाही. चवीचा काही संबंध नव्हता. पण तिथे जेवून आलेल्यांतही दोन तट आहेतच. वीसएक घास साधारण अर्ध्या तासात संपतात, आणि एवढे पैसे मोजून उठवून दिल्यासारखं झालं म्हणून लोक कुरकुरतात. शेफच्या बाजूनं बघितलं तर तो घाई करत नसतो. समोर ठेवलेला भात थंड होतोय आणि पाहुणा फोटो काढतोय, ह्याचा त्याला जाच होत असतो. तीन तारे मिळवलेल्या ठिकाणी हे, तर लॉन्ड्रीशेजारच्या हॉटेलाचं काय सांगावं.

आमच्याकडचा मालक कोरियन आहे. अमेरिकेत सुशीची हॉटेलं कोरियन किंवा चिनी माणसांनी चालवणं ही नित्याची गोष्ट आहे, पण आमच्या सहकाऱ्याला तीही खुपते. मी त्या मालकाचे हात पाहत बसतो. बोटांची टोकं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून तो एक हलकी टाळी वाजवतो, जास्तीचं पाणी झटकलं जातं. उजव्या हातानं झाकणाच्या डब्यातून भात न बघता उचलतो, चार शितं जास्त वाटली तर परत टाकतो. डाव्या हातावर माशाचा काप, त्यावर तर्जनीनं लावलेला वासाबी, त्यावर भात. दोनतीनदा दाबलं, उलटवलं, झालं. दाब एवढाच की उचलताना फुटू नये आणि तोंडात गेल्यावर आपोआप सुटावी. हे चालू असताना त्याच्या पाठीमागे छापायचं यंत्र घरपोच ऑर्डरींच्या चिठ्ठ्या सोडत असतं. तो एकदा चिठ्ठीकडे बघतो, एकदा समोरच्या गिऱ्हाइकाकडे. शुक्रवारी संध्याकाळी हे बघवत नाही.

सासरे इथे आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम काउंटरवर बसवलं. ते वेंगुर्ल्याचे. मासा बघायचा तो डोळ्यांत आणि कल्ल्यांत. इथे मासा डोळे-कल्ले मागे ठेवूनच येतो, त्यामुळे परीक्षा कशी घ्यावी हा त्यांना पेच. मालकानं साबा वळून दिला. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा थंड समुद्रातला भाऊबंद. आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला, पाठीवरची निळी-काळी नक्षी जशीच्या तशी. सासऱ्यांनी तो हातात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला, वास घेतला, खाल्ला, बराच वेळ चावला. मग म्हणाले, “मासो बरो आसा. पण तेका शिजवूक काय झाला?” मालकाला भाषांतर करून सांगितलं तर तो खो खो हसला आणि आतून तोच मासा मीठ लावून भाजून आणला. त्या संध्याकाळपासून सासऱ्यांचं मत वरच्या कुठल्याच मताशी जुळत नाही: हॉटेल उत्तम, पदार्थ अर्धवट.

त्यांना एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही, की हा ‘ताजा’ मासा गोठवलेला असतो. कच्च्या माशात कृमी असू शकतात, साबाच्या जातीत तर बऱ्याचदा असतात. म्हणून अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे कच्चा वाढायचा मासा उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस ठेवतात, किंवा उणे ३५ अंशांत पक्का गोठवून १५ तास. ट्यूनाच्या काही जातींना ह्यातून सूट आहे, तरी खोल समुद्रातल्या जहाजांवरच तो उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात. ‘आज मासा काय ताजा होता’ असं म्हणणारा आणि ‘मासा शिळा वाटला’ असं म्हणणारा, दोघंही बहुधा बर्फातून निघालेल्या माशाबद्दल बोलत असतात. फरक पडतो तो वितळवण्यात, कापण्यात, आणि कापल्यावर तो किती वेळ पडून राहिला त्यात.

अस्सलपणाची तक्रार मला सगळ्यांत कमी पटते. सहकाऱ्याला सामन फार आवडतो. टोकियोत खाल्लेल्या सामन निगिरीच्या आठवणीनं तो हळवा होतो. आता गंमत अशी की प्रशांत महासागरातला सामन जपानी लोक कृमींच्या भीतीनं कच्चा खात नसत. तो कच्चा खाता येतो हे त्यांच्या गळी उतरवलं नॉर्वेनं. तिकडे पाळलेला सामन वारेमाप झाला होता, आणि १९८० च्या दशकात नॉर्वेच्या सरकारनं आणि व्यापाऱ्यांनी जपानात त्यासाठी पद्धतशीर मोहीम चालवली. ट्यूनाच्या पोटाकडचा चरबीदार भाग, तोरो, हा आज सगळ्यांत महाग. पण एदो काळातले टोकियोकर तो खात नसत. ठेवायला बर्फ नव्हता, चरबी लवकर नासते, आणि जिभेला ती आवडही नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. एकाच माशाबद्दल एकाच शहराचं मत दोनशे वर्षांत इतकं फिरलं.

मुळात बोटांनी दाबून वळलेली निगिरी हीच एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, रस्त्यावरची, घाईत असलेल्या माणसांची सोय. तिचं श्रेय १८२० च्या दशकातल्या हानाया योहेईला देतात. सगळ्यांत जुनी सुशी म्हणजे भातात महिनोन्‌महिने मुरवलेला मासा. बिवा सरोवराच्या काठी तसली फुनाझुशी अजून करतात, आणि वासानं निम्मे लोक पळतात. मुरवणाऱ्या कुण्या जुन्या माणसाला योहेईची झटपट सुशी बनावट वाटलीच असेल, असं मला आपलं वाटतं. कॅलिफोर्निया रोलमध्ये नोरी आत आणि भात बाहेर, कारण अमेरिकन गिऱ्हाइकाला ते काळं शेवाळ बघवत नसे. तो लॉस एंजेलिसमध्ये जन्मला की व्हँकुव्हरमध्ये ह्यावर आजही वाद आहे. आमच्या म्हाताऱ्या जोडप्याला तो आमच्या गावातच जन्मल्यासारखा वाटतो.

मेनूच्या शेवटच्या पानावर मालकानं स्वतःच्या गावचा एक पदार्थ ठेवलाय: वाडग्यात गरम भात, काकडी, सॅलडची पानं, कच्च्या माशाचे तुकडे, तिळाचं तेल, आणि वरून आंबट-गोड-तिखट लाल कोरियन चटणी. सगळं चमच्यानं कालवून खायचं. तिखटाची डबीवाली मैत्रीण हल्ली तिथे जाऊन हेच मागवते आणि हॉटेलाला मात्र अजून मिळमिळीतच म्हणते. मत हे असं असतं, ते खाण्याच्या मागोमाग बदलेलच असं नाही.

एका मुद्द्यावर मात्र सगळे विरोधक एकत्र येतात: ‘पूर्वीसारखं राहिलं नाही.’ ह्यात तथ्य आहे, पण लोक समजतात ते नव्हे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे न्यू जर्सीत हॉटेलांत बसून खाणं बंद झालं. आत बसायला परवानगी मिळाली ती ४ सप्टेंबरला, तीही चतुर्थांश खुर्च्यांपुरती. जो पदार्थ काउंटरवरून दोन हात लांबही जाऊ नये, तो सगळाच्या सगळा पिशवीत भरून पाठवायची पाळी आली. मालकानं मेनू फिरवला. नुसत्या माशाची निगिरी मागे सरली, तळलेल्या कोळंबीचे आणि मेयोनीजचे रोल पुढे आले. ते अर्धा तास तग धरतात. तेव्हा मुलांना त्या रोलांची चटक लागली ती लागलीच. हॉटेल उघडल्यावरही मेनू मूळपदावर आला नाही. जुन्या गिऱ्हाइकांना ही घसरण वाटते. मला तो माणूस दुकान बंद न करता टिकला ह्याचं अप्रूप जास्त, आणि ‘पूर्वीसारखं’ म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी त्या सहा महिन्यांत तिथून काही मागवलं, हे विचारावंसं वाटतं. विचारत नाही. शेजारधर्म आहे.

निदान त्या शेजाऱ्यानं तरी मागवलं होतं. कडक भाताची तक्रार करत तो आजही मागवतो. म्हातारं जोडपं रोल मागवतं, मैत्रीण वाडगा, सासरे आले की भाजलेला साबा. सहकारी नाक मुरडत का होईना, दुपारच्या जेवणाला येतो. गल्लीतलं हॉटेल ह्या सगळ्यांना मिळून चालवावं लागतं. मॅनहॅटनमध्ये माणशी काही शे डॉलर घेऊन दहाच जणांना, शेफ देईल तेच खायला घालणारी ठिकाणं आहेत. तिथे मतं पुष्कळ जुळत असतील. चारही बाजूंनी थोडी नावं ठेवली जाणं हा मला गल्लीतल्या हॉटेलाचा दोष वाटत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर भात चांगला, साबा फार चांगला, ट्यूना बेताचा, आणि मिसो सूप घेऊ नये.

आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, सुरी आणि पाट तोच असतो; वेगळा घ्या म्हटलं की मालक बिनबोभाट घेतो. दुसरी, कांप्योचा रोल दिसला तर हुरळून जाऊ नका. कांप्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या लांब पट्ट्या, जपानात त्या जवळजवळ सगळ्या तोचिगी प्रांतात होतात. पण शिजवतात बहुधा डाशी नावाच्या रश्शात, आणि डाशीत मासा असतो. काकडीचा रोल निर्धोक.

बाकीच्यांनी शुक्रवार-शनिवार टाळावा, मंगळवारी किंवा बुधवारी लवकर जावं आणि टेबल रिकामं असलं तरी काउंटरवर बसावं. एका वेळी दोनच तुकडे मागवावेत, समोर ठेवल्याबरोबर हातानं उचलून खावेत, फोन खिशात ठेवावा. पार्सल आणू नये. आणलंच तर गाडीतच खावं. सोमवारी बंद असतं.