वीतभर माती

गेल्या वर्षी मृगाच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची ते दाखवायला मी औसा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले, गुंडाळी करून झाली, चहा झाला. मंडळी पांगली तसे साठी उलटलेले एक गृहस्थ पुढे आले. हातात पिशवी. म्हणाले, "साहेब, जरा माती बघून सांगायची होती."

मातीचा नमुना म्हटला की आम्हा कृषी खात्यातल्या माणसांचे प्रश्न ठरलेले. मी विचारले, "गट नंबर कोणता? किती खोलीवरून घेतली?"

"गट नंबर नाही. घराच्या छपरावरची हाय."

गाव त्यांना अण्णा म्हणते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली, लातूरला भाड्याच्या घरात संसार झाला, मुलगा पुण्याला लागला. निवृत्त झाल्यावर शेतातल्या वडिलोपार्जित घरी राहायचे त्यांनी ठरवले. एसटीवाल्याची पेन्शन ती केवढी! बांधकामवाल्याने नव्या घराचा आकडा सांगितला तो ऐकून मुलाने फोनच ठेवला म्हणे. तेव्हा जुनेच घर दुरुस्त करायचे. छपरावर जुनी माती भरपूर आहे, काही उतरवली तर ती शेतात खत म्हणून चालेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पांढरीची माती शेतात टाकायची चाल आपल्याकडे जुनी आहे.

मी म्हटले, आधी घर दाखवा.

गावापासून अर्धा कोस. विहीर, चिंच, दोन कडुनिंब, आणि त्यात ते काळ्या दगडाचे माळवदाचे घर. भिंती अडीच फूट जाड, दगड आणि चिखल. आत सागवानी मेढी, त्यावर तुळया, वर किलचण आणि मग माती. बारा वर्षे घर बंद होते. बटईदाराने माजघरात तुरीच्या तुराट्या भरल्या होत्या. वाळवीने चौकटीवर मातीच्या नळ्या चढवल्या होत्या. पण तुळईवर काठी मारली तर आवाज खणखणीत.

अंगणाच्या कडेला एक पत्र्याचे शेड. त्यात बाज, ट्रंक, चूल. मला वाटले, सालगडी राहत असेल. काकू तिथून पाणी घेऊन आल्या. पाडव्यापासून दोघे इथे होते. अण्णा झोपत घरात, आणि काकू या शेडमध्ये. मे महिना, लातूरकडचे ऊन आणि डोक्यावर पत्रा.

"आत चांगला गारवा आहे की," मी म्हणालो.

काकू म्हणाल्या, "गारवा हाय. पण त्या मातीखाली मी झोपायची नाही."

अण्णांनी मान दुसरीकडे वळवली. हा वाद जुना होता, हे मला कळले.

30 सप्टेंबर 1993. विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. अण्णा त्या रात्री ड्युटीवर लातूरला. काकू दोन लेकरे आणि सासूबाई यांच्यासह याच घरात. मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली. मेढी उभ्या राहिल्या म्हणून छप्पर पुरते खाली आले नाही, पण एका कोपऱ्यातली किलचण मोडली आणि माती आली. सासूबाई कमरेपर्यंत गाडल्या गेल्या. काकूंनी अंधारात परातीने माती उपसली. सासूबाई वाचल्या. नंतर भिंत बांधली, छप्पर सावरले, सासूबाई पुढे कित्येक वर्षे त्याच घरात राहिल्या आणि तिथेच गेल्या. काकू मात्र सणावाराला आल्या तरी रात्री अंगणात, नाहीतर भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्यांच्या या शेडात.

त्या वर्षी मी परभणीला कृषीच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजच्या पोरांबरोबर किल्लारीच्या बाजूला आठ दिवस गेलो होतो. जे पाहिले ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की आम्ही फावड्याने उपसत होतो ती बहुतेक ठिकाणी मातीच होती. आजही धाब्याच्या घरात शिरलो की माझी नजर आधी वर जाते.

तरी त्या दिवशी मी अण्णांना जो सल्ला दिला तो घाईचाच होता. म्हणालो, "पाडा हे. दोन खोल्या का होईना, नव्या बांधा." सरकारी माणसाच्या तोंडी 'पाडा' हा शब्द फार लवकर येतो. आमच्या गावचे घरही आम्ही भावांनी असेच पाडले. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा फूट जागा आली आणि माझ्या पंधरा फुटांत आज बाभळी आहेत. अण्णा काहीच बोलले नाहीत. बोलल्या त्या काकू.

"पाडायचं कशाला? लाकडानं त्या रात्री दगा दिला नाही. माती उतरवा."

"माती उतरवली तर घर तापंल," अण्णा म्हणाले. "बापानं दरसाल मृगाआधी टाकलेली माती हाय ती."

इथेच खरी गोम होती. मी शिडी लावून वर गेलो आणि कडेला पहार मारून पाहिले. मातीची जाडी अडीच फूट! अण्णांच्या आजोबांनी घातली असेल ती फार तर फूटभर. पण दर उन्हाळ्यात गळती थांबवायला वर पांढरी माती पसरायची आणि खालची तशीच ठेवायची, असे पिढ्यानपिढ्या चालले. कोणी कधी एक पाटी उतरवली नाही.

खाली येऊन मातीच्या नमुन्याच्या कागदामागे मी हिशेब मांडला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली. त्यावर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी साडेचार टन. अडीच फुटांचे झाले अकरा टनांच्या वर. "अण्णा, तुमच्या उशाशी ट्रॅक्टरच्या चार भरल्या ट्रॉल्या टांगल्या आहेत. आणि पावसात भिजल्यावर वजन आणखी वाढते." वर्कशॉपमध्ये हयात गेलेला माणूस; टनाची भाषा त्यांना लगेच समजली. बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "किती ठेवायची?"

काकूंनी अंगठा आणि करंगळी ताणून हात पुढे केला. "वीतभर."

भूकंपानंतर त्या भागात घरे दुरुस्त करताना साधारण आठ इंच सांगितले जात असे. काकूंची वीत आठ इंचच भरली.

पुढचे काम शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने केले. आधी तुळयांना खालून टेकू दिले. माती एका बाजूने उतरवायची नाही, सगळीकडून सारखी उतरवायची, नाहीतर भार एकीकडे जाऊन मेढ कलते. सहा दिवस गडी पाट्या वाहत होते. कुजलेली किलचण बदलली. उरलेल्या थराखाली जाड प्लास्टिकचा कागद घातला आणि वर पन्हाळीकडे उतार दिला. मेढ आणि तुळई यांच्यामध्ये तिरकस लाकडी टेके ठोकले, म्हणजे हादऱ्याने मेढ डोलत नाही.

भिंतीचे काम जास्त नाजूक. आपल्या या जाड भिंती दिसतात एक, पण असतात दोन. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भर. हादरा बसला की पोट फुगते आणि बाहेरचा थर ढासळतो. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड जुन्या भिंतीत क्वचितच सापडतो. गवंड्याने दर चार फुटांवर, आणि उंचीत दर दोन फुटांवर, हलक्या हाताने भोक पाडले, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवली आणि काँक्रीट भरले. मुलाने फोनवरून सिमेंटच्या गिलाव्याचा आग्रह धरला होता. एका भिंतीला तो पूर्वी केलेलाच होता. आतली ओल अडून पोपडे आले होते. तो काढून टाकून पुन्हा माती-शेणाचाच केला. वाळवीसाठी अण्णा दुकानातून औषधाचा डबा घेऊन आले होते. विहीर भिंतीपासून वीस हातांवर. मी तो परत करायला लावला. नळ्या झाडून काढणे, तुराट्या बाहेर हलवणे, जोत्याजवळ पाणी साचू न देणे, एवढ्यावर सध्या भागले आहे.

आणि अण्णांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिलेच. पिशवीतली माती मी प्रयोगशाळेत दिली होती. सामू आठाच्या वर, चुना भरपूर, क्षारही जास्त. अशी माती सोयाबीनच्या रानात घातली तर लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. अण्णा हिरमुसले. ती सगळी माती मग विहिरीकडे जाणाऱ्या खोलगट वाटेवर पडली.

मी पुन्हा गेलो तो विसर्जनाच्या दिवशी. सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या, सकाळपासून पाऊस. ओसरीत चहा घेताना आत डोकावलो. काकूंची बाज माजघरात आली होती, पण अगदी दाराशी. आणि दाराला कडी नव्हती, कडीच्या जागी सुतळी. अण्णा हळूच म्हणाले, "झोप लागती का, ते विचारू नका साहेब. आत आली, एवढंच."

तेवढ्यात न्हाणीकडच्या कोपऱ्यात टिपकायला लागले. अण्णा उठले आणि सवयीने पाटी उचलली. काकूंनी दारामागून एक काठी काढली. तिला टोकापासून वीतभर अंतरावर खाच पाडलेली होती. ती त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "आधी वर जाऊन मोजा. जास्त असंल तर काढा, मग टाका."

अण्णा पाटी खाली ठेवून काठी घेऊन शिडीकडे गेले.